स्पॅनिश व्याकरणाची अडलेली ठिकाणं : इंग्रजी पुस्तक बाजूला ठेवून मराठीतून बघितलं तर?

अबोली_टेक्सास

नमस्कार मंडळी. मी सॅन अँटोनिओला असते, फार्मसीत काम करते, आणि आमच्या काउंटरवर येणारी बरीचशी माणसं घरी स्पॅनिश बोलणारी आहेत म्हणून दीड वर्षापासून संध्याकाळचा क्लास लावलाय. क्लासमध्ये मी सोडून सगळे जन्मापासून इंग्रजी बोलणारे, पुस्तकही त्यांच्यासाठीच लिहिलेलं. शब्द पाठ होतात, काळ पाठ होतात, पण काही ठिकाणी गाडी अडतेच.

परवाची गोष्ट सांगते. एक आजी दर महिन्याला बीपीच्या गोळ्या न्यायला येतात, या वेळी त्यांच्या डबीत आठ-दहा गोळ्या शिल्लक होत्या. मी सरळ विचारलं, 'उस्तेद ओल्बिदो तोमार लास पास्तियास?' म्हणजे तुम्ही गोळ्या घ्यायला विसरलात का. आजींचा चेहरा एकदम उतरला, पदर नाही पण हातातली पर्स छातीशी धरली आणि हळूच म्हणाल्या, 'आय मिहा, से मे ओल्बिदारोन.' नंतर माझी मेक्सिकन सहकारी म्हणाली की तुझं वाक्य चूक नाहीये गं, पण तू त्यांना दोष दिल्यासारखं ऐकू आलं, आम्ही असं नाही विचारत, आम्ही 'से ले ओल्बिदारोन?' म्हणतो.

घरी येऊन पुस्तक उघडलं तर या 'से मे', 'से ले' ला अर्धं पान दिलंय, 'अनपेक्षित घटना' असं काहीतरी नाव आणि चार उदाहरणं. मला हे आतून कळायला हवंय. एरवी बोलताना मी इंग्रजीतून विचार करून स्पॅनिश करते, आणि तिथेच फसते असं वाटायला लागलंय. तुमच्यापैकी कोणी शिकलंय का? तुमची अडलेली ठिकाणं कुठली आणि ती कशी सुटली, सविस्तर लिहा प्लीज.

मंदार_ठाणे

अबोलीताई, हे तर आपल्या घरातलंच आहे की! भाजी लागली तर आपण काय म्हणतो? 'माझी भाजी करपली.' 'मी भाजी करपवली' असं कोणी स्वतःहून म्हणतं का? ग्लास पडला तर 'माझ्या हातून ग्लास फुटला', 'मी ग्लास फोडला' नाही, ते म्हटलं की मुद्दाम फोडला असं होतं. मराठीत फोडणं-फुटणं, पाडणं-पडणं, जाळणं-जळणं अशा जोड्या आहेत, एक करणाऱ्याची आणि एक आपोआप होणाऱ्याची. स्पॅनिशमध्ये दुसरा शब्द बहुतेक वेळा नसतो, तिथे 'से' लावून काम भागवतात. रोंपेर म्हणजे फोडणं, रोंपेर्से म्हणजे फुटणं. केमार म्हणजे जाळणं, केमार्से म्हणजे जळणं. आणि ज्याच्या हातून झालं किंवा ज्याचं नुकसान झालं तो 'मे, ते, ले' (मला, तुला, त्याला) होऊन मध्ये बसतो.

'से मे रोंपियो एल बासो', माझ्या हातून ग्लास फुटला.
'से मे केमारोन लोस फ्रिहोलेस', माझा राजमा करपला.
'से मे पेर्दियेरोन लास याबेस', माझ्या चाव्या हरवल्या.

शेवटचं नीट बघा. 'मी चाव्या हरवल्या' आणि 'माझ्या चाव्या हरवल्या' ही दोन्ही वाक्यं मराठीत आहेत आणि दोन्हींचा भाव वेगळा आहे. चाव्या अनेक म्हणून क्रियापद अनेकवचनी, तेही दोन्हीकडे सारखं. तुमच्या आजी म्हणाल्या 'ओल्बिदारोन', कारण गोळ्या अनेक. मराठीत त्या म्हणाल्या असत्या, 'अगं माझ्या गोळ्या राहून गेल्या.' आणि तुम्ही विचारलंत 'तुम्ही विसरलात का', त्याऐवजी 'राहून गेल्या का आजी?' असं विचारायचं होतं. झालं, एवढंच.

अबोली_टेक्सास

मंदार, 'राहून गेल्या' वाचून अंगावर काटा आला खरंच. मी माझ्या सासूबाईंना फोनवर रोज हेच विचारते, 'गोळी राहिली नाही ना?' आणि काउंटरवर मात्र इंग्रजी डोक्यात घेऊन उभी राहते.

शलाका_नाशिक

धागा वाचतेय, छान विषय. मी डेले या स्पॅनिशच्या परीक्षेच्या बी१ पातळीची तयारी करतेय. माझा अनुभव 'मे गुस्ता' चा. इंग्रजी पुस्तकात त्याच्यावर चार पानं खर्ची घातलीत, की कर्ता कोण, वाक्य उलटं कसं करायचं, 'मँगोज आर प्लीझिंग टू मी' असं मनात म्हणा वगैरे. अहो, मला आंबे आवडतात. मे गुस्तान लोस मांगोस. मला आंबा आवडतो, मे गुस्ता एल मांगो. आंबा एक की अनेक त्यावर क्रियापद ठरतं, आणि 'मला' जागच्या जागी. मी ते चार पानांचं प्रकरण सोडून दिलं.

फक्त एक अडतं, 'आ मि मामा ले गुस्ता' मध्ये 'आ मि मामा' म्हणजे आईला झालं, मग परत 'ले' कशाला? दोनदा 'ला' झालं ना?

मंदार_ठाणे

शलाका, हो दोनदाच. आणि ते 'ले' सोडायचं नाही, सोडलं तर वाक्य मोडतं. बोलताना आपणही 'आईला ना, तिला आंबे फार आवडतात' असं म्हणतो, तसं समज. आपल्याकडे ते हौसेचं, त्यांच्याकडे सक्तीचं.

आणि त्या 'लोस', 'एल' कडे लक्ष दे. आपल्या भाषेत आर्टिकल नाही त्यामुळे माझ्याकडून 'मे गुस्ता काफे' असं यायचं. 'मे गुस्ता एल काफे' हवं. इथे मराठी मदतीला येत नाही.

गोंयकार

वाचून आजीची आठवण आली. माझी आजी पणजीच्या लायसियममध्ये शिकलेली, पोर्तुगीज अस्खलित. मी स्पॅनिश शिकायला घेतलं तेव्हा वाटलं पोर्तुगीजच्या जोरावर सहज जमेल, आणि नेमका 'आवडणे' इथेच आपटलो, कारण पोर्तुगीजमध्ये 'गोश्तु द' म्हणजे 'मी आवडतो' अशा वळणाचं वाक्य आहे, तिथे 'मला' नाही. आमच्या कोंकणीत मात्र 'म्हाका आंबे आवडटात'. म्हणजे शेजारची पोर्तुगीज सोडून कोंकणीतून स्पॅनिशला गेलो तर वाट सरळ. शब्दांच्या बाबतीत मात्र पोर्तुगीज कामी येते, आणि ती तुम्हा मराठी लोकांकडेही आहेच की. बिजागरी हा पोर्तुगीजमधून आलेला शब्द, स्पॅनिशमध्येही बिसाग्रा. पगार तिथूनच आलाय, स्पॅनिशमध्ये पागार म्हणजे पैसे देणं. चावी तर याबेची सख्खी बहीण, आणि दोघी स्त्रीलिंगी.

कोथरूडकर

मी बरीच वर्षं पुण्यात स्पॅनिश शिकवतो. धागा आवडला म्हणून लिहितोय, पण एक सावधगिरीचा सूर लावतो, राग मानू नका. इंग्रजीतून विचार केला की फसतो हे खरं, तसंच मराठीतून केला तरी काही ठिकाणी फसतो. विद्यार्थ्यांच्या वह्यांमध्ये वर्षानुवर्षं दिसणारी एक चूक सांगतो.

'मी चिठ्ठी लिहिली', 'मी पत्र लिहिलं', 'मी निबंध लिहिला'. आपलं भूतकाळी क्रियापद कर्मामागे जातं, कर्मणी प्रयोग. त्यामुळे मराठी मुलं स्पॅनिशमध्ये 'ए एस्क्रिता ला कार्ता' लिहितात, कार्ता स्त्रीलिंगी म्हणून एस्क्रिता. चूक. आबेर हे साहाय्यक क्रियापद असलं की मागचं रूप हलत नाही, 'ए एस्क्रितो ला कार्ता', 'ए एस्क्रितो लास कार्तास', कायम 'तो'. इंग्रजी मातृभाषेची मुलं ही चूक क्वचित करतात कारण त्यांच्याकडे मुळात जुळणीच नाही.

आता गंमत अशी की 'चिठ्ठी लिहिलेली आहे' म्हणायचं असेल तर 'ला कार्ता एस्ता एस्क्रिता', इथे जुळवायचं. म्हणून मी वर्गात सांगतो, मनातल्या मराठी वाक्यात 'लिहिलेली, केलेली, झाकलेली' असं 'लेली' आलं तर जुळवा, नुसतं 'लिहिली' आलं तर हात लावू नका. हा ठोकताळा आहे, पण वहीतला लाल रंग त्याने खूप कमी झालाय.

दुसरं, 'माझं डोकं दुखतंय'. आपण 'माझं' म्हणतो, इंग्रजीतही तसंच, त्यामुळे इथे दोन्ही भाषा दगा देतात. स्पॅनिश म्हणते 'मे दुएले ला काबेसा', मला डोकं दुखतं. डोकं माझंच असणार हे 'मे' ने सांगून झालं. अबोलीताई, तुमच्या काउंटरवर हे रोज लागेल. दात, पोट, पाय, सगळीकडे 'एल, ला, लोस, लास', 'मि' नाही.

अबोली_टेक्सास

सर, अगदी रोज लागतं. मी 'मि काबेसा' च म्हणत आलेय.

सर, एक विचारते. भूतकाळ दोन का आणि कुठे कुठला? पुस्तक म्हणतं एक पूर्ण झालेली क्रिया आणि दुसरी चालू असलेली, पण प्रत्येक क्रिया कधीतरी पूर्ण झालेलीच असते ना. क्लासमध्ये यावर सगळ्यांचीच दांडी उडते.

कोथरूडकर

याला मात्र मी स्वतः मराठीतूनच उत्तर देईन, वर काहीही म्हटलं असलं तरी. इंग्रजीत 'प्लेड' एकच. आपल्याकडे?

लहानपणी आम्ही विटीदांडू खेळायचो. (हुगाबामोस)
आम्ही खेळत होतो तेवढ्यात पाऊस आला. (हुगाबामोस, आणि पावसाचं येणं मात्र दुसऱ्या रूपात)
काल आम्ही विटीदांडू खेळलो. (हुगामोस)

'खेळायचो' आणि 'खेळत होतो' हे दोन्ही एका डब्यात, 'खेळलो' दुसऱ्या डब्यात. संपलं. मराठी माणसाला हे शिकवायचं नसतं, आठवण करून द्यायची असते.

पण खरी श्रीमंती पुढे आहे. स्पॅनिशमध्ये काही क्रियापदं अशी आहेत की डबा बदलला की इंग्रजीत अर्थच बदलतो, आणि इंग्रजी पुस्तकं त्याची 'अर्थ बदलणारी क्रियापदं' म्हणून यादी पाठ करायला लावतात. त्या यादीत मराठी घालून बघा.

'साबिया' म्हणजे मला माहीत होतं, 'सुपे' म्हणजे मला कळलं.
'कोनोसिया' म्हणजे मी त्याला ओळखत होतो, 'कोनोसी' म्हणजे त्याची माझी ओळख झाली.
'तेनिया के इर' म्हणजे मला जायचं होतं, गेलो की नाही ते सांगितलेलं नाही. 'तुबे के इर' म्हणजे मला जावं लागलं, गेलोच.
'नो केरिया' म्हणजे मला नको होतं. 'नो किसे' म्हणजे मी नाहीच म्हटलं.
'पोदिया' म्हणजे करू शकत होतो, 'पुदे' म्हणजे जमलं.

'जायचं होतं' आणि 'जावं लागलं' यातला फरक पहिलीतल्या पोराला कळतो. इंग्रजी बोलणाऱ्याला दोन्हीला 'हॅड टू' म्हणावं लागतं, म्हणून त्याला तीन आठवडे लागतात. त्या बिचाऱ्यांचा दोष नाही, त्यांच्या भाषेत ती खोली नाही, तिथे वेगळी खोली आहे.

शलाका_नाशिक

सर, हे कुठल्याही पुस्तकात का नाही? वहीत उतरवून घेतलं. 'जावं लागलं' ला अनेक अनुमोदन.

रेवती_माद्रिद

मी माद्रिदला सहा वर्षं आहे. मराठी-स्पॅनिश साम्यातलं माझं सगळ्यात लाडकं म्हणजे माणसाआधीचा 'आ'. इंग्रजी मैत्रिणींना हा 'आ' कधी लावायचा ते काही केल्या बसत नाही. मला तो पहिल्या दिवशी बसला कारण तो आपला 'ला' आहे. मी सिनेमा पाहिला, मी मारियाला पाहिलं. सिनेमाला 'ला' नाही, मारियाला आहे. 'बी ला पेलिकुला', 'बी आ मारिया'.

आणि साम्य इथे थांबत नाही. 'मी डॉक्टर शोधतेय' म्हणजे कुठलाही चालेल, 'मी डॉक्टरला शोधतेय' म्हणजे ठराविक एक, इथेच कुठेतरी होते, कुठे गेले. स्पॅनिशमध्ये तंतोतंत, 'बुस्को उन मेदिको' आणि 'बुस्को आ उन मेदिको'. आपल्याकडे स्थळं बघताना 'मुलगी बघायला गेले' म्हणतात, आणि दवाखान्यात असलेल्या 'मुलीला बघायला गेले' म्हणतात, त्या एका 'ला' ने सगळं चित्र बदलतं. इथेही 'बुस्का नोबिया' म्हणजे त्याला मैत्रीण हवीय, आणि 'बुस्का आ सु नोबिया' म्हणजे आहे तिला शोधतोय.

अजून एक, क्रम. 'मला ते दे' आणि 'दे मला ते'. 'दामेलो' चे तुकडे पाडा, दा-मे-लो, दे-मला-ते! तो 'दा' आणि आपला 'दे' एकाच जुन्या मुळातून आलेत हे कळलं तेव्हा मी मेट्रोत बसून स्वतःशीच म्हणत होते, दामेलो, दे मला ते. आणि नकार द्यायचा असला की आपण 'नको दे' म्हणत नाही, 'देऊ नकोस' म्हणतो, क्रियापदाचं रूप बदलतो. ते पण बदलतात, 'नो मे लो देस'.

शलाका_नाशिक

रेवतीताई, 'त्याला ते दिलं' मध्ये 'ले लो' न होता 'से लो' का होतं? हा 'से' वरच्या 'से' पेक्षा वेगळा का?

रेवती_माद्रिद

वेगळा आहे. जुन्या स्पॅनिशमध्ये तो 'गेलो' होता, उच्चार झेलोच्या जवळचा, लॅटिनमधल्या 'त्याला ते' या जोडीतून झिजून आलेला. पुढे उच्चार बदलत गेले आणि तो 'से' सारखा ऐकू यायला लागला, मग लोकांनी तो 'से' च धरला. म्हणजे 'से लो दी' मधला 'से' हा मुळात 'ले' चाच भाऊ, 'त्याला'. 'ले लो' उच्चारायला अवघड म्हणून बदललं असं बरेच जण शिकवतात, पण गोष्ट ही अशी आहे.

मंदार_ठाणे

बरं मंडळी, आता माझं अडलेलं. सेर आणि एस्तार. आपल्याकडे 'आहे' एकच. पुस्तक म्हणतं कायमचं असेल तर सेर, तात्पुरतं असेल तर एस्तार. मग 'मेलेला आहे' ला 'एस्ता मुएर्तो' कसं? मरणापेक्षा कायमचं काय असतं? आणि 'तरुण आहे' ला 'एस होबेन', तारुण्य कुठे टिकतं?

कोथरूडकर

मंदार, कायमचं-तात्पुरतं हा नियम आधी डोक्यातून काढ, त्याने जितकं नुकसान होतं तितकं कशानेच होत नाही.

एस्तार हा लॅटिनमधल्या 'उभं राहणं' या अर्थाच्या शब्दातून आला, आणि तो शब्द आणि संस्कृतमधला 'स्था' एकाच मुळाचे. मग आपल्याकडे 'स्था' चे काय काय झालं ते आठव. स्थान. स्थिती. बास, एस्तार या दोन शब्दांसाठी आहे. वस्तू कुठे आहे, स्थान, 'एल लिब्रो एस्ता एन ला मेसा'. वस्तू कशा अवस्थेत आहे, स्थिती, 'एस्ता मुएर्तो', मरण ही जगण्यातून पोचलेली स्थिती आहे, ती परत फिरत नाही हा मुद्दा वेगळा. सेरच्या 'एस' चं नातं संस्कृतमधल्या 'अस्ति' शी. ती वस्तू काय आहे, कोण आहे, कशी म्हणून ओळखली जाते, ते सगळं सेरकडे. तरुण हे माणसाचं वर्णन, म्हणून 'एस होबेन'.

आंबा घे. 'एल मांगो एस बेर्दे' म्हणजे त्या जातीचा रंगच हिरवा. 'एल मांगो एस्ता बेर्दे' म्हणजे अजून कच्चा आहे, अढीत ठेवा. आपण इथे क्रियापद न बदलता शब्द बदलतो, हिरवा आणि कच्चा. 'एस मालो' वाईट आहे, 'एस्ता मालो' आजारी आहे किंवा पदार्थ असेल तर नासलाय. 'एस आबुर्रिदो' कंटाळवाणा, 'एस्ता आबुर्रिदो' कंटाळलेला. इथे पण तो 'लेला' बघा, कंटाळलेला, नासलेला, मेलेला, झोपलेला.

एक खड्डा मात्र सांगून ठेवतो. कार्यक्रम कुठे आहे हे सांगताना एस्तार नाही, सेर. 'ला फिएस्ता एस एन मि कासा'. लग्न, सभा, परीक्षा या ठेवलेल्या वस्तू नाहीत, त्या तिथे घडतात. जिथे 'आहे' च्या जागी 'होणार आहे' बसतं तिथे सेर.

मंदार_ठाणे

सर, स्थान आणि स्थिती. दोन वर्षं झगडत होतो. मनापासून आभार.

विदर्भकन्या

मी नवीन आहे, अजून ए१ वर. पोर आणि पारा काही केल्या लक्षात राहत नाही, कोणी सोपं सांगेल का. दोन्हीला इंग्रजीत 'फॉर' दिलंय.

अबोली_टेक्सास

हे मी सांगते, कारण फार्मसीत दिवसभर हेच चालतं. पारा म्हणजे साठी, पुढे बघणारं. 'पारा ला तोस', खोकल्यासाठी. 'पारा मि इहो', माझ्या मुलासाठी. पोर म्हणजे मागे बघणारं, कारण. मी असं लक्षात ठेवलंय की पोर म्हणजे 'पायी'. 'लो इसे पोर मिस इहोस', पोरांपायी केलं! एकदा हे बसलं की 'मुळे', 'बद्दल', 'बदल्यात' हे सगळे पोरच्या घरात राहायला येतात. 'ग्रासियास पोर' मध्ये 'बद्दल', पैशांच्या बदल्यात वस्तू, तिथेही पोर. 'पोर ला मान्याना' म्हणजे सकाळी, हे मात्र पाठच करायचं.

आणि याच्याशी संबंध नाही पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. इंग्रजीत 'एकदा' या अर्थाचा जो 'वन्स' आहे तो आणि स्पॅनिशमधला अकरा, 'ओन्से', यांचं स्पेलिंग अक्षर न् अक्षर सारखं आहे. लेबल इंग्रजीत असेल आणि वाचणारी व्यक्ती स्पॅनिश असेल तर एक गोळी सांगितलीय की अकरा, एवढा फरक पडू शकतो. म्हणून मी आता लेबलवर बोट ठेवून तोंडाने सांगते, 'उना बेस आल दिया', दिवसातून एकदा. व्याकरण येवो न येवो, हे आलंच पाहिजे.

रेवती_माद्रिद

अबोली, फार महत्त्वाचं लिहिलंस. औषधाच्या दुकानातलंच अजून एक, इथे स्पेनमध्ये कोणी 'एस्तोय कोन्स्तिपादो' म्हणालं तर सर्दी झालीय, लॅटिन अमेरिकेत काही ठिकाणी त्याचाच अर्थ बद्धकोष्ठ. दोघांना एक औषध देऊन चालणार नाही. माणूस कुठला ते आधी विचारायचं.

शलाका_नाशिक

कोणी सबजंक्टिव्हबद्दल लिहा ना. बी१ ला सगळे मार्क तिथेच जातात असं ऐकलंय.

कोथरूडकर

शलाका, शाळेत मराठी व्याकरणात चार अर्थ शिकलीस ना? स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ. त्यातला विध्यर्थ. 'तू यावंस असं मला वाटतं', 'क्येरो के बेंगास'. इंग्रजीत तिथे 'टू कम' आहे, त्याला ना पुरुष ना वचन, म्हणून इंग्रजी विद्यार्थी 'क्येरो तु बेनिर' असं काहीतरी बोलून जातो. आपल्या 'यावंस' मध्ये तो शेवटचा 'स' बघ, तो 'तू' चा आहे. 'बेंगास' च्या शेवटचा 'स' सुद्धा 'तू' चाच. इच्छा, विनंती, सल्ला, आग्रह या चार ठिकाणी मनात 'वं' आलं की सबजंक्टिव्ह लाव, डोळे मिटून.

मात्र सगळीकडे ही युक्ती चालणार नाही. 'तो येईल तेव्हा सांगेन', इथे आपण भविष्यकाळ वापरतो, आणि मराठी मुलं बिनदिक्कत भविष्यकाळ लिहितात. स्पॅनिशमध्ये 'क्वांदो बेंगा', सबजंक्टिव्ह, कारण अजून आलेला नाही. 'तो येईल असं वाटत नाही' तिथेही 'नो क्रेओ के बेंगा'. म्हणून नियम असा धर, इच्छेत 'वं' वर विश्वास ठेव, शंकेत आणि न घडलेल्या 'तेव्हा' मध्ये आपल्या 'ईल' वर विश्वास ठेवू नकोस.

आणि संकेतार्थ. 'पाऊस पडला असता तर पीक आलं असतं.' दोन्ही बाजूंना 'असता-असतं'. स्पॅनिशमध्ये पहिल्या भागात 'उबिएरा', दुसऱ्यात 'आब्रिया' असं पुस्तक शिकवतं, पण दुसऱ्यातही 'उबिएरा' चालतं, स्पॅनिश भाषेच्या अकादमीलाही मान्य आहे आणि लोक सर्रास बोलतात. दोन्हीकडे 'उबिएरा' म्हटलंस तर ते थेट आपलं 'असता-असतं' झालं.

गोंयकार

सर, 'क्वांदो' वरून आठवलं, पोर्तुगीजमध्ये 'येईल तेव्हा' साठी सबजंक्टिव्हचा वेगळा भविष्यकाळ अजून जिवंत आहे, आजी तो रोजच्या बोलण्यात वापरायची. स्पॅनिशमध्येही तो होता, आता फक्त कायद्याच्या कागदांत उरलाय. मी सुरुवातीला तोच वापरायचो आणि समोरचे म्हणायचे, तू नोटरीसारखा बोलतोस.

विदर्भकन्या

एक लहान प्रश्न. माझ्या जुन्या पुस्तकात 'फक्त' या अर्थाच्या 'सोलो' वर टिंबासारखी तिरकी रेघ आहे, अ‍ॅपमध्ये नाही. कोण चूक?

कोथरूडकर

कोणीच नाही. माद्रिदच्या अकादमीने 2010 मध्ये ती रेघ नको म्हणून सांगितलं, पुष्कळ लेखक रागावले, आणि 2023 मध्ये अर्थाचा घोटाळा होईल असं लिहिणाऱ्याला वाटलं तर द्या अशी मुभा दिली. परीक्षेत रेघ न देता लिही, निर्धास्त राहा.

अबोली_टेक्सास

मंडळी, धागा वर काढतेय, तीन आठवड्यांनी लिहितेय, माफ करा.

आज त्या आजी परत आल्या होत्या. डबी काउंटरवर ठेवली, या वेळी आत दोनच गोळ्या उरलेल्या. मी दोन्हींकडे बघितलं आणि म्हटलं, 'से ले ओल्बिदारोन दोस, नो मास?' दोनच राहिल्या ना. आजी हसल्या. मग पुढची पाच मिनिटं सांगत राहिल्या की मुलगी कामाला लागल्यापासून नातवंडांचं सगळं त्यांच्याकडेच आलंय, सकाळी डबे भरण्यात गोळी राहून जाते. त्यांनी 'तेनिया के' म्हटलं की 'तुबे के' म्हटलं इकडे माझा कान होता, आणि दर वेळी आत मराठीत उमटत होतं, करायचं होतं, करावं लागलं, करायचं होतं. इंग्रजी मध्ये आलंच नाही. मी त्यांना सांगितलं की गोळ्यांची डबी नातवंडांच्या डब्यांशेजारीच ठेवा.

जाताना नेहमी मी 'थँक यू, बाय' म्हणते. आज म्हटलं, 'के से मेहोरे, सेन्योरा.' बरं वाटावं तुम्हाला. सर, 'वाटावं' मधला तो 'वं'.

आता पुढचं अडलेलं. आजी मला 'तु' म्हणतात आणि मी त्यांना 'उस्तेद', ते ठीक आहे, पण त्यांची मुलगी माझ्याच वयाची आहे आणि ती मला 'उस्तेद' म्हणते. मी काय म्हणू?

रेवती_माद्रिद

तिने आधी 'तु' म्हणेपर्यंत 'उस्तेद' च ठेव. इथे स्पेनमध्ये लगेच 'तु' वर येतात, तिकडे तसं नाही, कोलंबियात तर काही भागांत घरातल्या घरात 'उस्तेद' चालतं. आपल्याकडे नाही का, आईला 'अगं' आणि बाबांना 'अहो', प्रेम दोघांवर सारखंच.